मांडीवरचें मेज



घराबाहेर पडल्यावरहि आपलें लेखन चालू राहावें, ही इच्छा लेखणीइतकीच जुनी असावी. आपल्याकडील चिटणीस-कारकुनांनीं गुडघा उभा करून त्यावर कागद टेकविला आणि मांडी हेंच आपलें मेज मानलें. दौत, लेखणी आणि कागदांचा रुमाल एवढ्या सामग्रीवर त्यांचें काम भागत असे. युरोप-अमेरिकेंतील माणसास खुर्ची-टेबलाची संवय. तेव्हां त्यानें मेजच लहान करून बरोबर घेतलें. १७७६ सालीं फिलाडेल्फिया येथें टॉमस जेफर्सननें अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिला तो अशाच एका लांकडी पेटीवर. ती त्यानें स्वतः आंखून बेंजामिन रँडॉल्फ नांवाच्या कारागिराकडून करवून घेतली होती. उघडली कीं लिहिण्याचा फलक, मिटली कीं पेटी. कागद, लेखणी आणि शाई आंत खणांत. वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेच्या संग्रहांत ती जपून ठेविली आहे. तिची लांबी सुमारे चौदा इंच, रुंदी दहा इंचांच्या जवळपास आणि उंची तीन इंचांहून किंचित् अधिक. मोठ्या चणीचा एखादा लॅपटॉप तिच्यावर ठेवला तर तो तिच्या कडांशीं जवळजवळ जुळेल.

प्रवासांत लिहिण्यासाठीं लहानसा लॅपटॉप कोणता घ्यावा, हा प्रश्न आज पुष्कळ घरांत विचारला जातो, आणि त्याचें उत्तर बहुधा वजनाच्या आणि किंमतीच्या आंकड्यांत दिलें जातें. बाजाराकडे वळण्यापूर्वीं या प्रश्नाचा इतिहास पाहावा, असें मला वाटतें. लिहिण्याचें यंत्र लहान करण्याचे बहुतेक सारे मार्ग गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत कोणी ना कोणी चोखाळले आहेत, आणि प्रत्येक मार्गाचें भाडें लिहिणाराच्या कोणत्या तरी अवयवानें भरलें आहे: कोठें खांद्यानें, कोठें डोळ्यांनीं, कोठें बोटांनीं. आज बाजारांत मांडलेला लहानांतला लहान लॅपटॉपहि या नियमास अपवाद नाहीं. मात्र भाडें कोणी भरलें हें त्याच्या जाहिरातींत लिहिलेलें नसतें.

टाइपरायटर प्रथम आला तो मेजावर ठाण मांडून बसणारा. १८९३ सालीं शिकागोच्या जागतिक प्रदर्शनांत जॉर्ज ब्लिकेन्सडर्फर यानें निराळ्या जातीचें यंत्र मांडलें. त्यांत अक्षरांच्या दांड्या नव्हत्या; सारीं अक्षरें एका लहान चाकावर कोरलेलीं असत, आणि कळ दाबतांच तें चाक फिरून हवें तें अक्षर कागदावर उमटवी. दांड्यांचा सांगाडाच गेल्यामुळें यंत्र हातानें उचलून नेण्याजोगें झालें. या गृहस्थानें कळांची मांडणीहि स्वतःच्या बुद्धीनें केली होती. इंग्रजींत वारंवार येणारीं दहा अक्षरें त्यानें सर्वांत खालच्या ओळींत, हाताच्या अगदीं जवळ ठेविलीं. मांडणी विचारपूर्वक होती, परंतु तोंवर लोकांचीं बोटें दुसऱ्या मांडणीस सरावलीं होतीं, आणि शिकलेल्या बोटांपुढें शहाणपण टिकत नाहीं. ही गोष्ट पुढें पुन्हां पुन्हां दिसेल.

न्यूयॉर्क संस्थानांतील ग्रोटन या गांवीं तयार झालेला ‘कोरोना’ टाइपरायटर १९१२ सालीं बाजारांत आला. (या नांवास पुढें भलताच अर्थ चिकटला, तो भाग वेगळा.) त्याची कागद धरणारी गाडी पुढें वांकवून कळफलकावर दुमडतां येई आणि सारें यंत्र एका लहान पेटींत बसे. वजन सुमारें पावणेतीन किलो. पहिल्या महायुद्धांत वार्ताहरांनीं हें यंत्र बरोबर वागविलें. पण यंत्र आंखूड व्हावें म्हणून कळांच्या चारऐवजीं तीनच ओळी ठेविल्या होत्या; एका कळेवर तीन-तीन चिन्हें; मोठें अक्षर हवें तर एक कळ दाबून धरावयाची, आंकडा हवा तर दुसरी. येथें भाडें बोटांनीं भरलें. १९२० च्या सुमारास रेमिंग्टन कंपनीनें चार ओळींचा प्रवासी टाइपरायटर काढला, तेव्हां अक्षरांच्या दांड्या आडव्या निजवून ठेवण्याची आणि खिटी ओढतांच त्या उभ्या करण्याची युक्ति तिनें योजली. बोटांची जागा कायम ठेवून यंत्राच्या पोटांत काटकसर करण्याचा हा मार्ग मला अधिक सभ्य वाटतो. स्वित्झर्लंडचा ‘हर्मिस बेबी’ (१९३५) आणि इटलींतील इव्रेआचा ‘ओलिव्हेत्ती लेतेरा २२’ (१९५०) हे याच मार्गानें गेले, आणि साडेतीन-पावणेचार किलोंच्या आसपास येऊन थांबले. 

पुढचें पाऊल प्रथम पुठ्ठ्याचें पडलें. १९६८ सालीं ॲलन के या अमेरिकन संशोधकाच्या मनांत वहीएवढ्या संगणकाची कल्पना आली. त्या काळचे संगणक खोली व्यापणारे. तेव्हां प्रत्यक्ष यंत्र करणें अशक्यच होतें. त्यानें पुठ्ठ्याचा एक नमुना केला आणि त्यांत शिशाचे छर्रे ओतून, किती वजन झालें म्हणजे माणूस तें बरोबर बाळगण्यास कंटाळेल हें हातांत धरून पाहिलें. उत्तर निघालें दोन रत्तलांहून कमी, म्हणजे नऊशें ग्रॅमांच्या आंत. यंत्र जन्मण्यापूर्वींच त्याचें वजन कोणी हातानें तोलून ठरवावें, हें मला या साऱ्या इतिहासांतील अत्यंत हृद्य दृश्य वाटतें.

प्रत्यक्षांत आलेलें यंत्र मात्र शिलाईयंत्राच्या पेटीसारखें होतें. १९८१ च्या एप्रिलमध्यें ॲडम ऑस्बर्न यानें आपला ‘ऑस्बर्न १’ लोकांपुढें ठेवला. या माणसाचा आणि आपल्या देशाचा संबंध फारसा कोणास ठाऊक नसतो. तो बँकॉकला १९३९ सालीं जन्मला. त्याचे वडील आर्थर ऑस्बर्न हे रमण महर्षींचे भक्त, त्यामुळें त्याचें बालपण तिरुवण्णामलई येथें गेलें. आणि २००३ सालीं तो वारला तोहि तामिळनाडूंतील कोडैकानल येथें. त्याचें यंत्र सुमारें अकरा किलोंचें, किंमत १७९५ डॉलर. विमानांतील आसनाखालीं बसावें एवढा त्याचा आकार बेतला होता. तें चालविण्यास भिंतींतील वीज लागे, त्यामुळें उचलून नेणें आणि वाटेंत लिहिणें या दोन गोष्टींतील अंतर त्यानें मिटविलें नाहीं. लिहिण्याचा ‘वर्डस्टार’ हा कार्यक्रम बरोबर मिळे. कळफलक पूर्ण मापाचा होता. परंतु पडदा अवघा पांच इंचांचा, आणि त्यावर एका ओळींत बावन्नच अक्षरें मावत. लिहिलेली ओळ त्याहून लांब असली तर पडद्याची चौकट डावी-उजवीकडे सरकवीत वाचावी लागे. बोटें सुखी, खांदा आणि डोळे दुःखी. तरीहि यंत्र हातोहात खपलें; मात्र १९८३ च्या सप्टेंबरांत कंपनीचें दिवाळें निघालें.

त्याच १९८३ सालीं एक असें यंत्र आलें कीं, केवळ वाटेंत लिहिण्याच्या दृष्टीनें पाहिलें तर त्याच्या तोडीचें यंत्र पुढें फार थोडें झालें, असें माझें मत आहे. जपानच्या क्योसेरा कंपनीनें बनविलेलें आणि अमेरिकेंत टँडी कंपनीनें विकलेलें तें ‘मॉडेल १००’. वजन दीड किलोच्या आंत. चार पेन्सिल सेल घातले कीं सुमारें वीस तास चाले; सेल संपले तर कोणत्याहि गांवच्या दुकानांतून नवे घ्यावे. कळ दाबतांच यंत्र जागें होई, वाट पाहावी लागत नसे. कळफलक पूर्ण मापाचा. आंतच मोडेम बसविलेला असल्यामुळें वार्ताहरानें बातमी लिहावी आणि दूरध्वनीच्या तारेवरून ती आपल्या कचेरीकडे रवाना करावी. अमेरिकेंतील वृत्तपत्रकारांनीं तें वर्षानुवर्षें वापरलें तें यासाठींच. मग उणें काय होतें? डोळे. पडद्यावर आठच ओळी, आणि ओळींत चाळीस अक्षरें. एका वेळीं इंग्रजी पन्नास-साठ शब्दांपलीकडे दिसत नसे. वार्ताहरास तेवढें पुरे, कादंबरीकारास नव्हे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडांत सर क्लाइव्ह सिंक्लेअर यानें काढलेला ‘झेड ८८’ याच जातीचा. केवळ लेखनासाठीं असलेला ‘अल्फास्मार्ट निओ’ हा २००४ चा. तीन पेन्सिल सेलांवर तो सातशें तास चाले अशी त्याची ख्याति होती, आणि तोहि २०१३ सालीं बंद झाला.

या यंत्रांचें कौतुक करतांना मराठी लेखकानें एक गोष्ट विसरूं नये. ‘मॉडेल १००’ च्या पडद्यावर प्रत्येक अक्षरास सहा ठिपके रुंद आणि आठ ठिपके उंच एवढीच जागा होती. रोमन अक्षर तेवढ्यांत कसेंबसें मावतें. आपली लिपि तीन मजल्यांची. वर मात्रा-वेलांटी, मध्यें अक्षर, खालीं उकार. तिला आठ ठिपक्यांच्या खोलींत संसार करतां येत नाहीं. म्हणजे ज्या यंत्राची मी एवढी वाखाणणी केली, तें आपल्या भाषेच्या कामाचें नव्हतें.

यानंतरच्या यंत्रांची धाव एकाच दिशेनें झाली: पडदा पूर्ण हवा, वजन कमी हवें आणि पेटी लहान हवी. १९९१ सालीं ॲपल कंपनीच्या ‘पॉवरबुक’नें कळफलक मागें, पडद्याच्या पायथ्याशीं सरकविला आणि पुढें तळहात टेकण्यास जागा ठेविली. गोष्ट क्षुल्लक दिसते. पण आज जो लॅपटॉप आपण उघडतों त्याची ठेवण तेथून आलेली आहे. १९९५ सालीं आय.बी.एम्.च्या जॉन कारिडिस यानें तर एक नवलच केलें. ‘थिंकपॅड ७०१’ या यंत्राची पेटी मिटल्यावर पावणेपंचवीस सेंटिमीटरांहून रुंद नव्हती, पण झांकण उघडतांच कळफलकाचे दोन तुकडे एकमेकांवरून सरकून पसरत आणि फुलपांखराच्या पंखांसारखे पेटीच्या दोन्ही कडांबाहेर येत. उघडलेल्या कळफलकाची रुंदी सव्वाएकोणतीस सेंटिमीटर भरे. पोटांत काटकसर करून बोटांस पुरी जागा देण्याची जुनी रेमिंग्टनची वृत्ति येथें पुन्हां प्रकट झाली. यंत्र थोड्याच काळांत मागें पडलें, तें त्याच्या दोषामुळें नव्हे. मोठे पडदे स्वस्त झाले, पेटीच कळफलकाएवढी रुंद झाली, आणि फुलपांखरास पंख पसरण्याचें कारण उरलें नाहीं. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयांत मात्र त्यास जागा मिळाली. पुढच्याच वर्षीं तोशिबा कंपनीचें ‘लिब्रेटो’ आलें. तें व्हिडिओ कॅसेटच्या आकाराचें, ८४० ग्रॅमांचें. कौतुकानें हातांत घ्यावें आणि दोन ओळी लिहून खालीं ठेवावें, एवढ्या बारीक त्याच्या कळा.

आतां दोन यंत्रांची तुलना ऐकावी, कारण खरेदीच्या प्रश्नाचें मर्म तिच्यांत आहे. २००७ च्या ऑक्टोबरांत तैवानच्या आसुस कंपनीनें ‘ई पी.सी.’ नांवाचा स्वस्त लॅपटॉप काढला. त्यांतून ‘नेटबुक’ ही सारी जात निर्माण झाली. त्याचें वजन ९२० ग्रॅम. २०१५ सालीं ॲपलनें बारा इंची ‘मॅकबुक’ काढला. त्याचेंहि वजन ९२० ग्रॅम. ॲलन केनें छर्रे ओतून ठरविलेल्या वजनापाशीं दोघेहि येऊन पोंचले. पण वाटा पाहा. आसुसनें यंत्राची रुंदी कापली. साडेबावीस सेंटिमीटरांच्या पेटींत कळा दाटीनें बसविल्या. लहान मुलांस त्या पुरत, मोठ्या माणसाचें बोट एका कळेवर पडावें तें दोन कळांवर पडे. ॲपलनें रुंदी पुरती ठेविली, पण जाडी कापली. कळ दाबल्यावर ती जेमतेम अर्धा मिलिमीटर खालीं जाई. बोटांस अक्षर उमटल्याची खूण पटेना. शिवाय धुळीचा कण आंत गेला तर कळ अडे किंवा एका ठोक्यास दोन अक्षरें उमटवी. कंपनीस २०१८ सालीं असे कळफलक विनामूल्य दुरुस्त करून देण्याची योजना जाहीर करावी लागली. २०१९ च्या अखेरीपासून तिनें जुन्या पद्धतीच्या कळा परत आणल्या, आणि २०२२ सालीं अमेरिकेंतील ग्राहकांच्या दाव्यांत पांच कोटी डॉलरांची तडजोड केली. एक यंत्र गरिबाचें, दुसरें श्रीमंताचें. भाडें दोन्हीकडे बोटांनींच भरलें. नेटबुकची जात २०१० सालीं आलेल्या आयपॅडनें आणि त्याच्या भावंडांनीं दोन-तीन वर्षांत संपविली.

या साऱ्यांतून एक साधें माप हातीं येतें. पूर्ण मापाच्या कळफलकांत एका कळेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत सुमारें १९ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच, अंतर असतें. अक्षरांच्या ओळींत दहा कळा, उजवीकडे विरामचिन्हांच्या दोन-तीन, आणि दोन टोकांना एकेक रुंद कळ. सारी बेरीज अठ्ठावीस सेंटिमीटरांच्या आसपास येते. वीत नऊ इंचांची धरली तर सव्वा वीत. आसुसचें यंत्र जेमतेम एक वीत होतें. कारिडिसची पेटी सव्वा वितीहून अरुंद होती, म्हणूनच त्यास पंखांची युक्ति करावी लागली. ॲपलचा बारा इंची मॅकबुक बरोबर अठ्ठावीस सेंटिमीटर रुंद होता. गेल्या चाळीस वर्षांत संगणकाची स्मरणशक्ति लाखों पटींनीं वाढली, बॅटरी टिकाऊ झाली, पडदे कागदासारखे स्पष्ट झाले. माणसाचा पंजा मात्र होता तेवढाच राहिला. सव्वा वितीहून अरुंद लॅपटॉप कोणी दाखविला, तर बोटांचें भाडें भरण्याची तयारी ठेवूनच तो घ्यावा. पत्रें, टिपणें, दैनंदिनी एवढेंच लिहावयाचें असेल तर तेंहि परवडतें. रोज हजार शब्द लिहिणारास परवडत नाहीं. वजनाचा विचार करतांना पेटीबरोबर वीज भरण्याचें उपकरणहि तराजूंत घालावें, कारण पिशवींत दोन्ही जातात. आणि बॅटरी एका दिवसाच्या कामास पुरत असेल तर तें घरीं ठेवतां येतें, हाहि खरा लाभ आहे.

मराठींत लिहिणारासाठीं या मापांत एक कलम अधिक आहे, आणि तें इंग्रजी परीक्षणांत कोणी सांगणार नाहीं. सरकारनें १९८६ सालीं भारतीय लिपींसाठीं ‘इन्स्क्रिप्ट’ नांवाची कळांची मांडणी प्रमाण ठरविली. पुण्यास १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेनें भारतीय लिपी संगणकावर आणण्याचें मोठें काम केलें, आणि १९९१ सालच्या युनिकोड संकेतानंतर हळूहळू सर्व यंत्रांवर देवनागरी एका पद्धतीनें उमटूं लागली. आठ ठिपक्यांच्या खोलींतून आपली लिपि बाहेर पडली. इन्स्क्रिप्टमध्यें डाव्या हाताकडे स्वर आणि उजव्या हाताकडे व्यंजनें असतात. मांडणी सुबोध आहे, पण आपलीं व्यंजनें रोमन अक्षरांच्या जागेंत मावत नाहींत; तीं उजवीकडे विरामचिन्हांच्या कळांवर सांडतात. ‘च’ अर्धविरामाच्या कळेवर, ‘ट’ अवतरणचिन्हाच्या कळेवर, ‘ड’ चौकोनी कंसाच्या कळेवर, ‘य’ तिरप्या रेघेच्या कळेवर. आणि यंत्र लहान करतांना कारखानदाराची कात्री प्रथम पडते ती नेमकी याच कळांवर. त्यांची रुंदी निम्मी होते, किंवा त्या उचलून भलत्याच ओळींत ठेविल्या जातात. इंग्रजी लेखकाचा एखादा अर्धविराम चुकतो. मराठी लेखकाचा ‘च’ आणि ‘य’ जातो, आणि ‘च’ किंवा ‘य’ नसलेलें मराठी वाक्य लिहून पाहावें म्हणजे त्याची किंमत कळेल. रोमन अक्षरें दाबून देवनागरी उमटविण्याच्या पद्धतीनें जे लिहितात, त्यांस ही अडचण जाणवणार नाहीं. त्यांच्या अक्षरांस मधल्या कळा पुरतात.

म्हणून इन्स्क्रिप्टनें लिहिणारानें दुकानांत गेल्यावर वजनाचा कांटा आणि किंमतीची चिठ्ठी थोडी बाजूस ठेवावी, लॅपटॉप मांडीवर घ्यावा, विक्रेत्याकडून मराठी कळफलक सुरू करून घ्यावा आणि ‘यच्चयावत्’ हा एक शब्द दहा वेळां लिहावा. नंतर ‘चिडचिड’ हा दुसरा. दोन्ही शब्दांत उजव्या करंगळीस तिच्या कडेच्या कळा शोधाव्या लागतात. डोळे पडद्यावर ठेवून त्या सांपडल्या, तर पुढें पैशांची बोलणीं करण्यास हरकत नाहीं.